रायडरने पेडल मारायचं, डोकं गाडीत ठेवायचं

लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतीला क्रू म्हणून, म्हणजे रायडरच्या मागे गाडीतून त्याचं सगळं बघायला, येशील का, असं कुणी विचारलं तर हो म्हणण्याआधी त्याला एकच विचारा: गाडीतल्या माणसांनी झोपायचं कधी आणि कुठे? उत्तर कागदावर लिहिलेलं असेल तर जा. "होईल काहीतरी, बघू" असं म्हणाला तर शुभेच्छा द्या आणि घरी बसा. मी तरी तेच करते.

यात आळशीपणा नाही. दुसऱ्या रात्रीनंतर रायडरच्या डोक्यावर विसंबता येत नाही. पाय चालत असतात, पण बाटली रिकामी झालीय का, जॅकेट घालायचं की काढायचं, आत्ता झोपायचं की पुढच्या गावात, यातलं त्याला काही सुचत नाही. हे सगळं गाडीतल्यांनी ठरवायचं असतं. आणि गाडीतलेच जर तीस तास जागे असतील, तर त्या रस्त्यावर विचार करणारं कुणीच उरत नाही.

स्लोव्हेनियाचा युरे रोबिच 'रेस अॅक्रॉस अमेरिका', म्हणजे आपल्या बोलण्यातली रॅम, पाच वेळा जिंकला: २००४, २००५, २००७, २००८ आणि २०१०. पेशाने सैनिक. शर्यतीत त्याला भास व्हायचे; रस्त्याकडेच्या टपालपेट्यांशी मारामारी करायला तो सायकलवरून उतरायचा. शर्यत पुढे सरकेल तसे खाण्याचे, थांबण्याचे, झोपण्याचे निर्णय त्याचा क्रू घ्यायचा. पाच वेळा जिंकणारा माणूस डोकं गाडीत ठेवत होता. तुमचा मित्र पहिल्यांदाच उतरतोय, त्याने ते स्वतःकडे ठेवायचा हट्ट धरला तर शर्यतीआधीच बसून तो हट्ट मोडून काढा.

आधी गणित करा

उदाहरण रॅमचंच घेते, कारण तिथले नियम आणि अनुभव बाकीच्या बहुतेक शर्यतींनी उचललेत. १९८२ मध्ये चार जणांनी सांता मोनिकाच्या धक्क्यावरून न्यूयॉर्कपर्यंत सायकल हाकली, तिथून ही शर्यत सुरू झाली. आता ती कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडहून निघते. अंतर साधारण ४,८०० किलोमीटर, एकट्या रायडरला मुदत १२ दिवस. म्हणजे २८८ तास. भागाकार केला तर ताशी सतरा किलोमीटरसुद्धा येत नाहीत, आणि इथेच सगळे फसतात. "सतरा? मी तर गप्पा मारत बावीसने जातो."

बरं, बावीसने जा. ४,८०० किलोमीटरला सुमारे २१८ तास लागले. उरले सत्तर. बारा दिवसांत वाटले तर रोजचे सहा ताससुद्धा नाहीत. झोप त्यातच, कपडे बदलणं त्यातच, शौच, पंक्चर, लाल सिग्नल, रस्ता चुकणं, डोळ्यात कचरा गेला म्हणून थांबणं, सगळं त्यातच. आता समजा दिवसाला दहा थांबे झाले आणि दर थांब्याला तुमच्या गोंधळामुळे चार मिनिटं जादा गेली. बारा दिवसांत आठ तास गेले.

२०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि अमित समर्थ हे रॅम एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. मुदत संपायला एकाच्या हातात सहा तासांहून कमी होते, दुसऱ्याच्या तीन तासांहून कमी. ते आठ तास या दोघांच्या हिशेबात टाकून बघा.

म्हणून मी क्रूला सांगते: रायडरचा वेग वाढवणं तुमच्या हातात नाही, त्याच्या नादी लागू नका. सायकल उभी असण्याचा वेळ तेवढा तुमचा. ऑस्ट्रियाच्या क्रिस्टोफ स्ट्रासरने २०१४ मध्ये रॅम ७ दिवस १५ तास ५६ मिनिटांत संपवली, तेव्हा सगळे थांबे धरून त्याची सरासरी ताशी सव्वीस किलोमीटरच्या वर होती. सायकल जवळपास उभीच राहत नसेल तरच असा आकडा निघतो.

माणसं किती, गाड्या किती

पाचशे-हजार किलोमीटरच्या शर्यतीला एक गाडी आणि चार माणसं पुरतात, तीन असतील तर ओढाताण होते. रॅमसारख्या मोठ्या शर्यतीला दोन-तीन गाड्या आणि आठ-दहा माणसं लागतात. त्याहून जास्त मात्र घेऊ नका. माणूस वाढला की मत वाढतं.

रायडरच्या मागच्या गाडीत, म्हणजे फॉलो कारमध्ये, तिघं. ड्रायव्हर फक्त गाडी चालवतो; फोनला हात लावत नाही, बाटल्या भरत नाही, रायडरशी बोलतही नाही. नॅव्हिगेटर शेजारी बसतो: नकाशा, रूट बुक (वळणांची पुस्तिका), टाइम स्टेशनला, म्हणजे वाटेतल्या वेळ-नोंदीच्या ठिकाणी, फोन आणि ड्रायव्हरला जागं ठेवणं. तिसरा मागच्या सीटवर खाण्यापिण्याचं आणि नोंदवहीचं बघतो. या तिघांची मिळून एक शिफ्ट. दिवसा सहा तास, रात्री चार, त्याहून जास्त नाही. शिफ्ट संपलेल्यांनी दुसऱ्या गाडीने पुढे जाऊन खरोखर आडवं व्हायचं. "मी गाडीतच डुलकी काढतो" म्हणणारा मला शिफ्टवर नको असतो.

क्रू चीफ एकच असावा, आणि शक्यतो बायको, नवरा, आई, भाऊ यांच्यापैकी नसावा. जवळच्या माणसाला एक तर रायडरची कणव फार येते, नाहीतर राग फार येतो.

गाडी ऑटोमॅटिक गिअरची घ्या. चढावर ताशी आठ-दहाच्या वेगाने तासन् तास गाडी ओढायची म्हणजे क्लच जळायची वेळ. मागचं दार वर उघडणारं असेल तर पावसात त्याखाली उभं राहून काम होतं. पिवळे फ्लॅशर, मागे हळू चालणाऱ्या वाहनाचा त्रिकोण, रिफ्लेक्टर आणि 'पुढे सायकलस्वार आहे' असा बोर्ड, हे सगळं आयोजक तपासतात, तेव्हा आदल्या रात्री चिकटवत बसू नका. फ्लॅशर, स्पीकर, चार्जर आणि फ्रिज एकाच बॅटरीवर टाकून इंजिन बंद कराल तर गाडी पुन्हा सुरू होईलच असं नाही. बर्फाची पेटी जुनी पद्धत आहे, पण ती वीज खात नाही.

सामान पारदर्शक डब्यांत, वर मोठ्या अक्षरात लेबल. डब्यांची जागा ठरली की ठरली. अंधारात हात घातला की हातमोजे लागायला हवेत, कुणाला विचारावं लागता कामा नये. दर वेळी इंधन भरताना कचऱ्याची पिशवी बाहेर. हे काम एकाच्याच गळ्यात बांधा, नाहीतर तिसऱ्या दिवशी तुम्ही केळ्याच्या सालींवर बसून नकाशा बघत असाल.

जादा सायकल टपावर असेलच. सॅडलची उंची आणि मागेपुढे किती आहे ते दोन्ही सायकलींवर टेप लावून खूण करून ठेवा. इलेक्ट्रॉनिक गिअर असतील तर बॅटरी चार्ज करणं नोंदवहीत रोजचं काम म्हणून लिहा. आणि मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती फ्रेमला जोडणारा तुकडा, जवळ ठेवा. छोटासा तुकडा, पण प्रत्येक सायकलचा वेगळा, वाटेतल्या दुकानात मिळेल अशी आशा धरू नका.

रात्री मागे चालवणं

हे सगळ्यांत अवघड काम आणि यावरच सगळ्यांत कमी सराव होतो. दिवसा बऱ्याच शर्यतींत लीपफ्रॉग करतात: गाडी पुढे जाते, रस्ता सोडून पूर्ण बाजूला उभी राहते, रायडर समोरून जातो, काय हवं-नको ते देता येतं, मग गाडी पुन्हा पुढे. रात्री ते चालत नाही. रॅममध्ये संध्याकाळी सात ते सकाळी सात गाडी रायडरच्या मागेच हवी आणि रायडर तुमच्या हेडलाइटच्या उजेडातच हवा. गाडी नसेल तर त्याने थांबायचं. बहुतेक शर्यतींचा नियम याच धाटणीचा असतो, तरी तुमच्या शर्यतीची नियमपुस्तिका दोनदा वाचा. क्रूने केलेल्या चुकीचा दंड रायडरच्या वेळेत मोजला जातो.

सपाट रस्त्यावर ताशी पंचवीसला मी दहा-पंधरा मीटर अंतर ठेवायला सांगते. उतार लागला की अंतर वाढवा. साठच्या वेगात तो पडला तर तुम्हाला त्याच्या अंगावर न जाता थांबता आलं पाहिजे, आणि त्याला पस्तीस-चाळीस मीटर सहज लागतात. उजेड कमी पडेल म्हणून उतारावर जवळ जाणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. त्यांना दिवसाची शिफ्ट द्यावी.

आता सावली. गाडी बरोबर रायडरच्या पाठीमागे असेल तर त्याची सावली नेमकी त्याच्या चाकापुढे पडते आणि खड्डा त्या सावलीत लपतो. गाडी थोडी रस्त्याच्या मध्याकडे सरकवली की सावली कडेला जाते, त्याच्या पुढचा रस्ता उजळतो, वर मागून येणाऱ्यालाही आधी गाडी दिसते. फार सरकलात तर मागच्याला ओलांडता येत नाही. हा हातभराचा हिशेब ड्रायव्हरला सरावानेच कळतो. वळणावर तुमचा उजेड सरळ शेतात जातो आणि रायडर अंधारात वळतो, म्हणून त्याचा स्वतःचा दिवा दमदार हवा. हाय बीम लावू नका. त्याच्या आरशात आणि समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत, दोन्हीकडे जातो.

मागे चार-पाच गाड्या साठल्या की पुढच्या सुरक्षित जागी बाजूला घ्या. रायडरला आधी स्पीकरवर सांगा, त्यालाही थांबवा, गाड्या जाऊ द्या, निघा. वीस सेकंद जातात. मागचा ड्रायव्हर चिडून आंधळ्या वळणावर ओव्हरटेक करतो त्यापेक्षा ते परवडतं.

पहाटे दोन ते सहा हा वेळ शरीराचा झोपेचाच. ताशी वीसने, एकच लाल दिवा बघत गाडी चालवणं म्हणजे झोपेला आमंत्रण. त्या वेळी माझा नियम सरळ आहे: नॅव्हिगेटर झोपला तर गाडी थांबते. ड्रायव्हरला जांभयांची माळ लागली, लेनच्या रेघेवर चाक गेलं, गेल्या पाच मिनिटांतलं काही आठवेना, तर वाद न घालता बदला. कॉफीने झोप पुढे ढकलली जाते, फिटत नाही. आणि क्रूला खायला घाला. रायडरचे ग्रॅम मोजता मोजता स्वतः दिवसभर चिप्सवर काढणारी माणसं रात्री चिडचिडी होतात आणि ती चिडचिड स्पीकरमधून पुढे पोचते.

बाटली कशी द्यायची

सोपं वाटतं, म्हणून कुणी सराव करत नाही. जागा चढावरची निवडा, जिथे त्याचा वेग आपोआप कमी असतो, आणि वळणानंतरची, म्हणजे तो सरळ येत असतो. बाटली वरून, झाकणाजवळ, दोन-तीन बोटांत सैल धरा. खालचा भाग त्याच्यासाठी मोकळा. हात खांद्याच्या उंचीवर बाजूला ताठ. तो दहा मीटरवर आला की त्याच्याच दिशेने पळायला लागा आणि मोठ्याने सांगा, "पाणी!" किंवा "मिक्स!" (पावडर घातलेलं पेय). त्याने पकडली की सोडायची, आपण आणखी दाबून धरायची नाही. धरून ठेवली तर हँडल वळतं. वीस-तीस मीटर पुढे दुसरा माणूस खाण्याची पिशवी घेऊन उभा, कारण एका हातात दोन गोष्टी येत नाहीत. रिकामी बाटली त्याने पहिल्या माणसाच्या आधी, पायाशी टाकायची, आणि ती उचलल्याशिवाय कुणी गाडीत बसायचं नाही.

खाण्याची पाकिटं आधीच फाडून ठेवा. थंडीत आखडलेल्या बोटांनी ती उघडत नाहीत आणि रायडर ती तशीच खिशात कोंबतो. संध्याकाळी जर्सीच्या खिशात चार न फोडलेली जेल सापडली तर नोंदवहीतला दिवसभराचा हिशेब खोटा ठरतो. म्हणून दिलं किती याच्या जोडीला परत आलं किती, हेही लिहा.

आकडे ढोबळ सांगते, तुमच्या रायडरचे सरावात ठरवून घ्या. तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं. पाणी अर्धा ते पाऊण लिटर, उन्हात आणखी. मीठ त्या मानाने. गोड खाऊन दुसऱ्या दिवशी त्याला ओकारी येईल, तेव्हा उकडलेला बटाटा, भात, सूप असं खारट काहीतरी तयार हवं. पाणी कमी पडण्याची सगळ्यांना धास्ती असते, पण नुसतं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं सोडियम उतरतं, ते जास्त फसवं. एक साधा वजनकाटा गाडीत ठेवा. दर मोठ्या थांब्याला वजन घ्या. थोडं घटलेलं चालतं. वाढलं असेल, बोटं सुजली असतील, अंगठी रुतत असेल आणि बोलणं तुटक झालं असेल तर पाण्याची बाटली काढून घ्या आणि डॉक्टरशी बोला.

नोंदवही कागदाची, पेन दोरीने बांधलेलं. वेळ, किलोमीटर, पाणी, खाणं, लघवी किती वाजता, मूड. शिफ्ट बदलताना जुना आणि नवा क्रू दहा मिनिटं एकत्र, वही मध्ये. "सगळं ठीक आहे" हा शेरा मी खोडते. "२:४० ला सूप नको म्हणाला, ३:१५ ला अर्धं घेतलं, डाव्या तळव्याला मुंग्या" हे कामाचं.

त्याच्याशी बोलणं

प्रश्न विचारू नका. "काय खाशील?" या प्रश्नाला पहाटे चारला उत्तर नसतं, आणि उत्तर सुचत नाही म्हणूनच तो रडकुंडीला येतो. हातात द्या आणि सांगा: "हे खा." अगदीच वाटलं तर दोन पर्याय, गोड की खारट. कसं वाटतंय हेही विचारू नका, वाईटच वाटत असतं. त्याऐवजी एखादी छोटी बेरीज घाला. उत्तराला किती वेळ लागतो त्यावरून सगळं कळतं.

एका रायडरने मला पहाटे अगदी सभ्यपणे विचारलं होतं, "ताई, ही शर्यत कुणाची चालू आहे?" मी म्हटलं, "तुझीच. हे पी." तो प्यायला आणि गेला. पुढच्या गावात आम्ही त्याला आडवा केला.

उरलेलं एकूण अंतर सांगायचं नाही, पुढचा टप्पा सांगायचा. रॅममध्ये वाटेत पन्नासच्या वर टाइम स्टेशनं असतात, ती यासाठी छान उपयोगी पडतात. पण खोटं कधीच बोलू नका. "हा शेवटचा चढ" म्हणालात आणि वळणामागे आणखी एक निघाला, तर त्यानंतरच्या तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही. स्पीकरवर आवाज एकाचाच. मागच्या सीटवरची चर्चा माइक बंद करून करा. 'फार हळू चाललाय' हे वाक्य चुकून बाहेर गेलेलं मी ऐकलंय, आणि त्यानंतरचा अर्धा तास काही सुखाचा नव्हता.

वळण नॅव्हिगेटरने पाचशे मीटर आधी, मग दोनशेवर, मग वळल्यावर "बरोबर" असं सांगायचं. तो शेवटचा शब्द विसरू नका, नाहीतर पुढचा किलोमीटरभर तो मागे वळून बघत राहतो. चुकलाच तर रॅमसारख्या शर्यतीत गाडीत घालून जिथे चुकला तिथे परत आणता येतं. एक मीटरही पुढे नाही.

थांबा म्हणजे कवायत

झोपेचा थांबा नव्वद मिनिटांचा असेल तर पाय जमिनीला लागल्यापासून पुन्हा पेडलवर येईपर्यंत दोन तासांच्या आत झालं पाहिजे. घड्याळ पाय टेकला तेव्हाच सुरू करा. एकाने सायकल धरायची, दुसऱ्याने हेल्मेट-बूट उतरवायचे, तिसऱ्याने खायला द्यायचं, चौथा अंथरुणापाशी. कोण काय करणार हे गाडी थांबायच्या आधी बोलून झालेलं हवं. तो झोपला की मेकॅनिक चेन पुसतो, तेल लावतो, टायरमध्ये काचेचे कण रुतलेत का ते बोट फिरवून बघतो, दिवे बदलतो. कपडे ज्या क्रमाने घालायचे त्या क्रमाने मांडलेले.

उठवताना दिवा लावा, गरम पेय हातात द्या, बूट चढवायला घ्या. "उठतोस का?" नाही. पहिली दहा मिनिटं तो तुम्हाला ओळखीचा वाटणार नाही, शिव्या देईल, मी सोडली शर्यत म्हणेल. मनाला लावून घेऊ नका, सायकलवर बसवा. छोटी झोप घ्यायची तर दहा-वीस मिनिटांची, रस्त्याकडेला सतरंजीवर. मधलीच चाळीस-पन्नास मिनिटांची झोप मला पटत नाही; त्यातून माणूस जास्त बधिर होऊन उठतो.

शरीर काय सांगतं

बूड, हात, पाय, मान. याच क्रमाने तक्रारी येतात. बुडाची काळजी पहिल्या तासापासून: दर मोठ्या थांब्याला धुणं, पूर्ण कोरडं करणं, क्रीम, नवी शॉर्ट्स. दोन वेगळ्या आकारांची सॅडल असेल तर दाबाची जागा बदलते. शरमेने रायडर सांगत नाहीत, तेव्हा हे काम कुणाचं ते आधी ठरवा आणि त्यावर विनोद करू नका. करंगळी-अनामिका बधिर व्हायला लागली तर हँडलवर टेपचा दुसरा थर आणि हाताची जागा बदलत राहण्याची आठवण. पाय सुजतात, म्हणून अर्धा-एक नंबर मोठे बूट.

मानेचं मात्र भयंकर. १९८३ च्या रॅममध्ये मायकेल शर्मरच्या मानेचे स्नायूच थकले आणि डोकं वर धरेना. तेव्हापासून त्या दुखण्याला त्याचंच नाव पडलंय. एकदा मान पडली की त्या शर्यतीत परत येत नाही. तो हनुवटी हाताने सावरायला लागला, वर बघायचं टाळायला लागला, की लगेच हँडल उंच करा, हेल्मेटवरचं सगळं वजन काढा, झोप वाढवा. हेल्मेटला मागून दोरी बांधून डोकं वर ओढण्याचे जुगाड लोकांनी केलेत, शर्यती संपवल्याही आहेत. पण ज्याला रस्ता दिसत नाही त्याला मी सायकलवर बसू देत नाही.

हवामानाचा अंदाज रोज नव्याने घ्या. रॅममध्ये पहिल्याच दिवशी समुद्रावरून निघून माणूस बोरेगोच्या वाळवंटात उतरतो, जून महिना, चाळिशी पार. आणि काही दिवसांनी कोलोरॅडोत वुल्फ क्रीक पासवर ३,३०९ मीटर उंचीवर कुडकुडतो. पुढे कॅन्ससचं आडवं वारं, आणि शेवटी, जेव्हा अंगात काही उरलेलं नसतं, तेव्हा वेस्ट व्हर्जिनियाचे छोटे पण खडे चढ. हिवाळी कपडे गाडीच्या तळाशी पुरून ठेवणारा क्रू वुल्फ क्रीकच्या पायथ्याशी अख्खी गाडी रिकामी करत बसतो.

सोडायचं कधी

हे शर्यतीआधी लिहून सही घ्या. दोन भाग करा. रायडर कंटाळून सोडतो म्हणाला तर निर्णय रात्री घ्यायचा नाही, आणि खाऊन-झोपून एक तास सायकल चालवल्याशिवाय घ्यायचा नाही. सूर्य उगवल्यावर बहुतेक राजीनामे आपोआप मागे घेतले जातात.

दुसरा भाग शरीराचा, तिथे रायडरचं मत विचारायचं नाही. बसल्या जागी धाप लागणं, छातीत घरघर किंवा फेस, छातीत दुखणं, कोलासारखी काळपट लघवी, उन्हात घाम थांबून बरळणं, झोपेनंतरही न जाणारा गोंधळ. यातलं काहीही दिसलं की क्रू चीफ सायकल काढून घेतो आणि हॉस्पिटल गाठतो. त्यासाठी पुढच्या टप्प्यावरचं हॉस्पिटल नॅव्हिगेटरला दर शिफ्टला माहीत हवं. तो तुमच्यावर वर्षभर चिडेल. चिडू द्या.

सरावासाठी शर्यतीआधी किमान एक पूर्ण रात्र, त्याच गाडीने, त्याच माणसांनी, भरलेल्या डब्यांसह रायडरच्या मागे चाला. कुणाची कुणाशी जमत नाही हे त्या रात्री कळून येतं, आणि तेव्हा माणूस बदलता येतो.

शेवटची रेषा ओलांडल्यावर सायकल एकाने धरायची, दुसऱ्याने रायडरला. उतरताना पाय वाळूसारखे सरकतात. पुढची रात्र त्याच्या खोलीत कुणीतरी असू द्या. बरेच जण मध्यरात्री उठून सायकल शोधतात, अजून शर्यत चालू आहे असंच त्यांना वाटत असतं. त्या दिवशी क्रूपैकी कुणीही लांबवर गाडी चालवायची नाही, घरची कितीही ओढ असो. आणि माणसं पांगायच्या आत नोंदवहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढून घ्या. पुढच्या वेळी कुणी "तू किती पाणी प्यायचास रे?" असं विचारलं तर रायडरला त्यातलं काही आठवणार नाही.